फाइल जागेवर होती, वेळेवर नव्हती

भाचा लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स वापरतो. त्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलंय, असं दुकानातून त्याला सांगण्यात आलं होतं. कार्ड बदलून बघू, नाही जमलं तर मदरबोर्डकडे बघावं लागेल, असंही. तो कार्ड मागवणारच होता. त्याआधी सहज फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, "मामा, आवाज पण येत नाहीये, आणि ब्लूटूथचा माउसही जोडला जात नाहीये."

वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक लॅपटॉपांत एकाच कार्डावर असतात. त्यामुळे ती दोन्ही एकदम जाणं समजू शकतो. पण साउंडचा त्या कार्डाशी काडीचाही संबंध नसतो. दोन वेगवेगळ्या जागच्या गोष्टी एकाच दिवशी बंद पडतात तेव्हा हार्डवेअरवर संशय घ्यायची घाई करू नये, असं माझं आजवरचं निरीक्षण आहे. मी विचारलं, "त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतंस?"

"रूट पार्टिशन भरलं होतं रे. म्हणून दोन फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले. पण त्याचा काय संबंध? फायली सगळ्या तिथेच आहेत, मी उघडून बघितल्यात."

रूट पार्टिशन म्हणजे डिस्कचा तो भाग, ज्यावर सिस्टीम स्वतः राहते. कार्ड मागवू नकोस, लॅपटॉप घेऊन ये, एवढंच सांगितलं. विंडोजवर वायफाय चालतंय का, हेही बघायला सांगितलं. लॅपटॉपवर विंडोजही होती, फक्त तो बरेच महिने त्यात गेला नव्हता. तासाभरात मेसेज आला, की तिकडे वायफाय, आवाज, ब्लूटूथ सगळं व्यवस्थित आहे. कार्डाचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम नसती तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या, लिनक्सने बूट करून हेच बघता आलं असतं. स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी ही एक चाचणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिला खर्च शून्य आणि शंका मिटते पूर्ण.

मशीन असं होतं : इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर, १२८ जीबीची लहान एनव्हीएमई एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क), आणि सोबत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. एसएसडीवर विंडोजने मोठा वाटा घेतलेला, उरलेल्यात ३० जीबीच्या रूट पार्टिशनवर डेबियन १२ हे लिनक्स. हार्ड डिस्कवर ईएक्सटी-४ या लिनक्सच्या पद्धतीचं एक पार्टिशन होतं, ते 'डेटा' नावाच्या फोल्डरवर माउंट होत होतं, म्हणजे त्याच्या फायली त्या फोल्डरात दिसत होत्या. एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्या यादीत, त्याची नोंद यूयूआयडीने (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने) केलेली, म्हणजे तीही नीट.

भाच्याने 'व्हार' हा लॉग, कॅश अशा सतत बदलणाऱ्या फायलींचा अख्खा फोल्डर आणि 'यूएसआर/लिब/फर्मवेअर' हा फोल्डर या हार्ड डिस्कवर नेला होता आणि मूळ जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, ठेवल्या होत्या. काम काळजीपूर्वक केलं होतं. व्हार चालू सिस्टीममध्ये हलवता येत नाही म्हणून त्याने लाइव्ह पेनड्राइव्हने बूट केलं होतं. कॉपी करताना सीपी या कमांडला 'ए' हा पर्याय दिला होता, त्यामुळे फायलींची मालकी, परवानग्या, तारखा, हार्ड लिंक्स, सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. मी पहिल्यांदा तेच तपासलं, कारण अशा स्थलांतरात सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. साध्या 'आर' पर्यायाने कॉपी केली की सगळ्या फायलींचा मालक रूट, म्हणजे सिस्टीमचा प्रशासक, होऊन बसतो आणि मग लॉगिनचा पडदासुद्धा येत नाही. इथे तसं काही नव्हतं. लिंक्सही अचूक होत्या. टर्मिनलमध्ये फर्मवेअर फोल्डरची यादी काढली तर शेकडो फायली समोर.

लॅपटॉप घरी आला तेव्हा मी आधी काय बंद आहे याची यादी न करता काय चालू आहे याची केली. कीबोर्ड, टचपॅड, कॅमेरा, यूएसबी पोर्ट चालू. फोन केबलने जोडून टेदरिंग केलं तर इंटरनेटही लगेच चालू. बंद काय, तर वायफाय, ब्लूटूथ आणि साउंड. या दोन यादींत एक धागा आहे, आणि तो दिसला की अर्धं काम होतं. टचपॅड, कॅमेरा, यूएसबी टेदरिंग यांना चालायला कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर पुरतो. वायफाय, ब्लूटूथ आणि या पिढीतल्या इंटेलच्या साउंडला ड्रायव्हर पुरत नाही, फर्मवेअरही लागतं. त्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर चालायचा प्रोग्राम दर वेळी चालू होताना कर्नलने बाहेरून भरावा लागतो. वीज गेली की चिप तो विसरते. हा प्रोग्राम म्हणजेच फर्मवेअर फोल्डरमधली फाइल.

मग एलएसपीसीआय ही उपकरणांची यादी देणारी कमांड चालवून बघितली, 'के' पर्यायासकट. प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी असतात, एक 'सध्या वापरात असलेला ड्रायव्हर' आणि दुसरी 'उपलब्ध मॉड्यूल', म्हणजे कर्नलमध्ये भरता येणारा ड्रायव्हर. वायफाय कार्डाचं नाव होतं, त्याखाली उपलब्ध मॉड्यूल म्हणून आयडब्ल्यूएलवायफाय होतं, पण वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळच नव्हती. कार्ड कर्नलला दिसतंय, त्याचा ड्रायव्हर कुठला हेही माहीत आहे, पण ड्रायव्हर कार्डाला धरून राहिलेला नाही. कार्ड मेलेलं किंवा सैल झालेलं असतं तर ते यादीतच आलं नसतं.

खरी गोष्ट कर्नलच्या लॉगमध्ये होती. तो दाखवणाऱ्या डीमेसेज या कमांडमध्ये 'फर्मवेअर' हा शब्द शोधला आणि ओळींची रांगच लागली. आयडब्ल्यूएलवायफायने आधी सगळ्यात नव्या क्रमांकाची फाइल मागितली होती, मग एकेक क्रमांक उतरत जुन्या फायली मागितल्या होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच : एरर उणे २. शेवटी 'योग्य फर्मवेअर सापडलं नाही' असं म्हणून ड्रायव्हरने कार्ड सोडून दिलं होतं. ब्लूटूथचा तोच प्रकार. साउंडच्या ड्रायव्हरने तर फर्मवेअरची फाइल गायब आहे, ती अमुक ठिकाणाहून उतरवून घ्या, असा सल्लाही छापला होता. डेस्कटॉपवर स्पीकरच्या जागी 'डमी आउटपुट' का दिसत होतं ते त्यावरून कळलं.

उणे २ हा आकडा ओळखीचा करून घेण्यासारखा आहे. कर्नलच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ आहे : अशी फाइल किंवा असा फोल्डर नाही. परवानगी नाही असं असतं तर उणे १३ आलं असतं. इथे कर्नल ठामपणे सांगत होता की फाइल नाही. आणि मी त्याच क्षणी दुसऱ्या टर्मिनलमध्ये त्याच फाइलकडे बघत होतो. नाव तेच, आकारही ठीक. भाचा म्हणाला, "बघ, म्हटलं ना मी!"

कर्नल फर्मवेअर शोधतो त्या जागा ठरलेल्या आहेत : लिब/फर्मवेअर, त्यातला 'अपडेट्स' हा उपफोल्डर, आणि या दोन्हींच्या आत कर्नलच्या आवृत्तीच्या नावाचा फोल्डर असला तर तो. डेबियन १२ मध्ये लिब ही स्वतःच यूएसआर/लिबकडे जाणारी लिंक आहे, म्हणजे लिंकमागे लिंक झाली होती. पण लिंकमागे लिंक असणं कर्नलला अडत नाही. बूटच्या वेळी एक पॅरामीटर देऊन फर्मवेअरची वेगळी जागा सांगता येते, तोही उपाय मनात आला. पण जागा चुकलेली नसताना ती बदलून काय होणार होतं?

म्हणून एक छोटा प्रयोग केला. मॉडप्रोब या कमांडने आयडब्ल्यूएलवायफायचं मॉड्यूल काढलं आणि लगेच परत भरलं. दोन सेकंदांत वरच्या पट्टीत वायफायचं चिन्ह आलं आणि शेजारच्या चार घरांची नेटवर्क दिसायला लागली. भाच्याचा चेहरा खुलला. मग साउंडचं मॉड्यूल, मग ब्लूटूथचं. तिन्ही जिवंत. रीबूट केलं तर तिन्ही पुन्हा गायब.

इथे गोष्ट स्पष्ट झाली. त्याच जागची तीच फाइल आत्ता सापडते, बूट होताना सापडत नाही. म्हणजे आता प्रश्न एकच उरला, की बूट होताना नेमकी केव्हा मागितली?

डीमेसेजच्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला चौकटी कंसात सेकंद असतात. आपली नजर सहसा त्यावरून घसरते. मी दोन ओळी शोधून शेजारी शेजारी ठेवल्या. वायफायने फर्मवेअर मागितलं आणि उणे २ मिळालं ती वेळ होती बूटपासून सुमारे ५ व्या सेकंदाची. हार्ड डिस्कवरचं ईएक्सटी-४ पार्टिशन माउंट झाल्याची ओळ होती ९ व्या सेकंदाच्या पुढची. मधले चार सेकंद त्या लिंकच्या पलीकडे काहीच नव्हतं. लिंक होती, ती ज्या फोल्डरकडे बोट दाखवत होती तो रिकामा माउंट पॉइंट होता. गाडी सुटून गेल्यावर फलाटावर पोचलेल्या प्रवाशासारखी फाइल नंतर हजर झाली, आणि आपण लॉगिन करून बघेपर्यंत ती कधीपासूनच तिथे असल्यासारखी दिसत होती.

असं का होतं, तर बूटचा क्रमच तसा आहे. कर्नल रूट फाइलसिस्टीम लावतो, बाकीच्या सेवा सुरू करणारा सिस्टीमडी सुरू होतो, आणि अगदी सुरुवातीलाच युडेव्ह हा प्रोग्राम सगळ्या उपकरणांची हजेरी घेतो. प्रत्येक उपकरणासाठी योग्य मॉड्यूल भरलं जातं आणि मॉड्यूल भरताच ड्रायव्हर फर्मवेअर मागतो. हार्ड डिस्कसुद्धा याच हजेरीत सापडते. ती सापडल्यावर तिची फाइलसिस्टीम तपासली जाते, मग ती माउंट होते. म्हणजे वायफाय आणि हार्ड डिस्क यांची शर्यत एकाच रेषेवरून सुटते, आणि फिरत्या डिस्कला वेग घ्यायलाच वेळ लागतो. भाच्याने नंतर सांगितलं, की एकदा मध्येच आवाज आपोआप आला होता, म्हणून त्याला कुठेतरी सैल जोडणी असावी असं वाटलं होतं. शर्यत असली की असंच होतं, कधीतरी दुसराही जिंकतो. कधी चालतं, कधी चालत नाही, अशा तक्रारीत सैल वायरचा संशय सगळ्यांना आधी येतो. मला आता बूटच्या क्रमाचा येतो.

यूएसआर हा फोल्डर मुळात असाच जन्माला आला, असं सांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत युनिक्सचे (लिनक्सच्या पूर्वज सिस्टीमचे) जनक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ या संगणकावरची पहिली डिस्क युनिक्सला पुरेना, म्हणून काही प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर गेले. तेव्हाच एक बंधन पाळावं लागलं : दुसरी डिस्क माउंट करायला जे जे लागतं ते पहिल्या डिस्कवरच हवं. बिन (प्रोग्राम) आणि लिब (त्यांना लागणाऱ्या लायब्ररी) वेगळे, यूएसआरमधले वेगळे, ही विभागणी त्यातून पुढे अनेक दशकं चालत आली. २०१२ मध्ये फेडोरा १७ या लिनक्सने ती मोडून सगळं यूएसआरमध्ये आणलं. डेबियनने नव्या इन्स्टॉलेशनसाठी २०१९ च्या डेबियन १० पासून तेच केलं आणि २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ते सक्तीचं झालं. पण मूळ बंधन कुठे गेलेलं नाही. सुरुवातीच्या काही सेकंदांत जे लागतं ते त्या सेकंदांत हाताशी असलेल्या डिस्कवरच असायला हवं. आज यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर ठेवला तरी डेबियन चालतो, कारण इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी तात्पुरती सिस्टीम, रूटसोबत यूएसआरही आधीच माउंट करून देतं. मात्र ते एफएसटॅबमधली यूएसआरची नोंद बघून. यूएसआरच्या पोटातल्या एका फोल्डरची लिंक तिसरीकडे जाते, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

फर्मवेअर परत आणायला पाच मिनिटं लागली. लिंक काढली, फोल्डर हार्ड डिस्कवरून मूळ जागी कॉपी केला, आणि इनिटरॅमएफएस नव्याने बनवून घेतलं. रीबूटनंतर वायफाय, ब्लूटूथ, आवाज, तिन्ही हजर. शिवाय एक चौथी गोष्ट सुधारली, जिची कोणी तक्रारच केली नव्हती. इंटेलच्या ग्राफिक्सलाही एक छोटं फर्मवेअर लागतं. ते नसलं तर पडदा नेहमीसारखाच चालतो, फक्त ड्रायव्हर लॉगमध्ये लिहून ठेवतो की वीज वाचवण्याची सोय बंद करत आहे. आधीच्या लॉगमध्ये ती ओळ होती. भाचा म्हणाला, "हल्ली बॅटरी लवकर उतरत होती खरी, मला वाटलं जुनी झाली." त्याची बॅटरी जुनी आहेच, पण ती ओळ पुढच्या बूटच्या लॉगमधून गेली हे मी त्याला दाखवलं.

इथे थांबता आलं असतं. पण व्हार अजून हार्ड डिस्कवरच होता, आणि मला तो तिथे ठेवून लॅपटॉप परत द्यायचा नव्हता. वायफाय सुरू झाल्यावर लहान लहान खोड्या दिसायला लागल्या. दर बूटला पडद्याचा प्रकाश पूर्ण व्हायचा. ब्लूटूथ बंद करून ठेवलं तरी पुढच्या वेळी पुन्हा चालू. आणि मागच्या बूटचा लॉग जर्नलकटीएल या कमांडला विचारला तर तो बहुतेक वेळा नसायचाच, फक्त चालू बूटचा असायचा. हा शेवटचा त्रास मला सगळ्यात मोठा वाटला. दोष शोधायचं साधनच त्या दोषाने काढून घेतलं होतं.

तिन्हींचं मूळ एकच. पडद्याचा प्रकाश किती होता, वायरलेस चालू होतं की बंद, याची नोंद सिस्टीमडी 'व्हार/लिब/सिस्टीमडी'च्या आत ठेवतो आणि बूटच्या सुरुवातीलाच वाचतो. जर्नलही, म्हणजे सिस्टीमडीचा लॉग, सुरुवातीला 'रन' फोल्डरमध्ये, म्हणजे मेमरीत लिहिलं जातं आणि नंतर व्हारमध्ये उतरवलं जातं. सिस्टीमडी हे सगळं आंधळेपणाने करत नाही. या सेवांच्या फायलींत स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक पाथसाठी जे माउंट लागतं ते झाल्याशिवाय सुरू होऊ नकोस. 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' असं त्या ओळीचं नाव. व्हार हे वेगळं पार्टिशन असतं आणि एफएसटॅबमध्ये तशी नोंद असती, तर या सेवा निमूटपणे थांबल्या असत्या. पण सिस्टीमडी तो पाथ अक्षरांनी वाचतो. व्हारवर काही माउंट होतं का? नाही. मग थांबायचं कारण नाही. व्हार ही लिंक आहे आणि तिचं दुसरं टोक हार्ड डिस्कवर आहे, हे तो तपासत बसत नाही.

सिमलिंक आणि माउंट यांतला फरक मला इतक्या ठळकपणे कधी दिसला नव्हता. आपण फोल्डर उघडून बघतो तेव्हा दोन्ही सारखेच वाटतात. बूटचा क्रम लावणाऱ्याला मात्र माउंट दिसतं, सिमलिंक दिसत नाही. चित्रं, गाणी, प्रोजेक्टच्या फायली यांच्यासाठी सिमलिंक उत्तम. सिस्टीमच्या फोल्डरसाठी ती वापरू नये असं माझं मत आता पक्कं झालं आहे. जागा कमी असेल तर वेगळं पार्टिशन करावं, नाहीतर बाइंड माउंट (एक फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या जागी माउंट करणं) करावं, पण नोंद एफएसटॅबमध्ये हवी.

आता मूळ दुखण्याकडे आलो. ३० जीबीचं रूट भरलं कशाने? हा प्रश्न फोल्डर हलवण्याआधी विचारायचा असतो, पण डिस्क भरल्याचा लाल इशारा समोर असताना तो सुचत नाही, हेही खरं. डीयू चालवून फोल्डरनिहाय आकार काढले. त्याला 'एक्स' पर्याय द्यावा लागतो, म्हणजे ते एकाच फाइलसिस्टीमपुरतं मोजतं. हलवलेल्या फर्मवेअरचा आकार जेमतेम काहीशे एमबी. एवढ्या जागेसाठी तीन उपकरणं बंद पडली होती. व्हारमध्ये मात्र खरा ऐवज होता : डॉकर या प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या इमेजेस ९ जीबी, फ्लॅटपॅक या इन्स्टॉलरची ॲप्लिकेशन्स ५ जीबी, जर्नल दीड जीबी, आणि एपीटी या डेबियनच्या इन्स्टॉलरने उतरवून तशीच ठेवलेली पॅकेजं.

एपीटी क्लीन केलं. जर्नलला २०० एमबीची मर्यादा घातली. डॉकरमध्ये कॉलेजच्या मागच्या सेमिस्टरच्या इमेजेस पडून होत्या. कुठल्या लागतात आणि कुठल्या नाही हे भाच्याने स्वतः बसून ठरवलं, मी त्यात हात घातला नाही. निम्म्याहून जास्त गेल्या. उरलेल्यांसाठी डॉकरची स्वतःचीच सोय आहे, त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'डेटा रूट' म्हणून वेगळी जागा देता येते. ती हार्ड डिस्कवर दिली. फ्लॅटपॅकचा फोल्डर हार्ड डिस्कवरच ठेवला आणि एफएसटॅबमध्ये एक बाइंड माउंटची ओळ लिहिली. बाइंड माउंटचा स्रोत ज्या डिस्कवर आहे ती आधी माउंट व्हायला हवी, हे सिस्टीमडी स्वतः ओळखतो. बाकीचा सगळा व्हार लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करून, सीपीच्या त्याच 'ए' पर्यायाने, एसएसडीवर परत आणला. रूटमध्ये निम्मी जागा मोकळी राहिली. सिस्टीम अंगाने हलकीही झाली, कारण लॉग, पॅकेजांच्या याद्या, कॅश यांची सततची लिहा-वाच आता फिरत्या डिस्कवर होत नाही.

परत आणताना एक गोष्ट आवर्जून बघितली. एखाद्या फोल्डरवर माउंट केलं की त्या फोल्डरमध्ये आधी जे असेल ते झाकलं जातं, पुसलं जात नाही. हार्ड डिस्क माउंट व्हायच्या आधी कुठल्या सेवेने 'डेटा'च्या रिकाम्या फोल्डरमध्ये काही लिहिलं असेल, तर ते एसएसडीवरची जागा खात तिथेच राहतं आणि डोळ्यांना कधीच दिसत नाही. ते बघायला रूटचंच दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर बाइंड माउंट करायचं आणि तिथून आत डोकवायचं. भाच्याच्या मशीनवर तिथे काही नव्हतं. पण मोकळी जागा सांगणारं डीएफ म्हणतं डिस्क भरली आणि डीयूची बेरीज लागत नाही, अशा कोड्याचं उत्तर पुष्कळदा याच झाकलेल्या फोल्डरात सापडतं.

याच कारणासाठी डॉकरपाशी थोडा जास्त वेळ घालवला. एफएसटॅबमध्ये हार्ड डिस्कच्या ओळीत आम्ही 'नोफेल' हा पर्याय ठेवला. जुनी फिरती डिस्क आहे, ती उद्या रुसली तर अख्खा लॅपटॉप बूटच्या मध्यावर आपत्कालीन शेलमध्ये अडकून बसायला नको. परीक्षेच्या आदल्या रात्री ते कोणाला नको असतं. पण नोफेल दिलं की आणखी एक गोष्ट बदलते : सिस्टीमडी त्या माउंटसाठी थांबत नाही आणि बाकीच्या सेवा पुढे जाऊ शकतात. मग डॉकर आधी उठला तर तो रिकाम्या फोल्डरमध्ये नवा संसार मांडतो, इमेजेस सगळ्या गेल्या असं वाटतं, आणि त्या तर पलीकडे सुखरूप असतात. म्हणून डॉकरच्या सेवेला सिस्टीमकटीएल एडिट या कमांडने एक छोटी पुरवणी जोडली. त्यात ती 'रिक्वायर्स माउंट्स फॉर'ची ओळ आणि हार्ड डिस्कवरचा डॉकरचा पाथ. आता डिस्क नसली तर डॉकर सुरू होणार नाही आणि तसं स्पष्ट सांगेल, बाकीचा लॅपटॉप चालू राहील. फ्लॅटपॅकच्या बाइंड माउंटलाही नोफेल दिलं. नाहीतर मूळ डिस्कला सूट देऊन त्याच्यावर अवलंबून असलेलं माउंट बूट अडवून बसलं असतं.

तपासणी मुद्दाम कडक केली. ओळीने अनेक वेळा पूर्ण बंद करून चालू केलं, नुसतं रीबूट नाही. रीबूटमध्ये हार्ड डिस्क फिरतीच राहू शकते आणि शर्यतीचा निकाल बदलतो. शिवाय काही चिपमधलं आधीचं फर्मवेअरही रीबूटमध्ये टिकून राहतं, त्यामुळे दोष लपतो. मग झाकण मिटून सस्पेंड करून बघितलं, परत उठल्यावर वायफाय आणि आवाज टिकतात का ते. टिकले. एकदा एफएसटॅबमधली यूयूआयडी तात्पुरती खोटी करून, म्हणजे हार्ड डिस्क नाहीच असं भासवून बूट केलं. डिस्कसाठी दीड मिनिटं वाट बघणारी ओळ कुठे अडकते का ते बघितलं. लॉगिन वेळेवर आलं, वायफाय चालू, फक्त डॉकर आणि फ्लॅटपॅकचे प्रोग्राम नाहीत. हे अपेक्षितच होतं. खरी यूयूआयडी परत लिहिली.

शेवटी भाच्याला डीमेसेज उघडायला लावला आणि उणे २ शोधायला सांगितलं. एक ओळ अजून होती. तो दचकला. रेग्युलेटरी डीबी नावाची फाइल कर्नलला मिळत नव्हती. वायरलेसचे कुठले चॅनेल कुठल्या देशात किती शक्तीने वापरता येतात, याची ती यादी असते. ही फाइल हलवण्याच्या भानगडीत हरवली नव्हती, ती ज्या पॅकेजमध्ये येते ते वायरलेस-रेगडीबी त्याच्या मशीनवर कधी घातलंच नव्हतं. ओळ कोणाची, फाइल कुठल्या पॅकेजची, हे त्याने स्वतः शोधलं, पॅकेज घातलं आणि मशीन पूर्ण बंद करून चालू केलं. या वेळी शोधाला एकही ओळ आली नाही. "मामा, हे सेकंदांचं मला आधी माहीत असतं तर!" असं म्हणत त्याने दोन्ही बूटचे लॉग एका फाइलमध्ये जतन करून ठेवले. होस्टेलवर त्याच्या मित्राचाही साउंड मध्येच जातो म्हणे, त्याला ते दाखवायचे आहेत.